रिपोर्टातले नाव

अण्णा जाऊन चौदा वर्षे झाली. त्यांची हॉस्पिटलची फाइल दिल्लीतल्या आमच्या घरी लोखंडी कपाटाच्या सगळ्यांत खालच्या खणात आहे. एकतीस दिवसांचे कागद: सोडियम-पोटॅशियमचे रोजचे आकडे, छातीचे एक्स-रे, औषधांची बिले आणि शेवटी स्टेपल केलेले चार कल्चर रिपोर्ट. चौथ्या रिपोर्टावर ९ जानेवारी २०११ ही तारीख आहे. रक्तात वाढलेल्या जंतूचे नाव त्यावर छापलेले आहे, कॅन्डिडा हिम्युलोनी. खाली औषधांची यादी आणि फ्लुकोनॅझोलच्या पुढे एकच अक्षर, ‘आर’. आर म्हणजे रेझिस्टन्ट, औषधाला दाद न देणारा. अण्णा १३ तारखेला पहाटे गेले. मृत्यूच्या दाखल्यावर त्या जंतूचा उल्लेख नाही. तिथे सेप्सिस आणि अनेक अवयव निकामी होणे, एवढेच लिहिले आहे.

दादा पुण्याहून आला की दर वेळी विचारतो, ‘‘अगं, कशाला जपून ठेवतेस हे? झालं ते झालं.’’ मी उत्तर देत नाही. मी इतिहास शिकवते. कागद टाकून देणे मला जमत नाही, हे त्याला माहीत आहे. पण खरे कारण वेगळे आहे. त्या रिपोर्टावर छापलेले नाव बहुधा चुकीचे आहे, असे मला २०१९ पासून वाटत आले आहे. ते चुकीचे असेल तर बरोबर नाव कोणते, ते तेव्हा कोणाला ठाऊक होते आणि आम्हाला का नव्हते, हे मला शोधायचे होते. हा लेख म्हणजे त्या शोधाची हकिगत आहे.

आजाराचे नाव हा इतिहासकाराच्या दृष्टीने किरकोळ प्रश्न नसतो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तापाचे काही रुग्ण पाहिले, गाठी पाहिल्या आणि हा प्लेग आहे असे सांगितले. तो शब्द उच्चारायला प्रशासन सुरुवातीला नाखूष होते. बंदराचे शहर, व्यापार अडणार, लोक पळणार. त्या वर्षांतले कितीतरी प्लेगमृत्यू ‘ताप’ किंवा दुसऱ्याच एखाद्या कारणाखाली नोंदले गेले. वर्गात मी हे दर वर्षी सांगते. मृत्यूच्या नोंदवहीतला रकाना वाचताना, तो भरणाऱ्याला कोणते शब्द माहीत होते आणि कोणते लिहिण्याची मुभा होती, हे आधी विचारा, असे सांगते. आपल्या घरातल्या कागदाला मात्र मी हा प्रश्न आठ वर्षे विचारला नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांतून एका बुरशीबद्दल बरेच छापून येत होते. कॅन्डिडा ऑरिस. रुग्णालयांत पसरते, औषधांना जुमानत नाही, खोलीतून सहजी जात नाही. एका बातमीच्या शेवटी एक वाक्य होते: प्रयोगशाळेतली नेहमीची यंत्रे ही बुरशी ओळखू शकत नाहीत आणि तिला बऱ्याचदा कॅन्डिडा हिम्युलोनी असे नाव देतात. मी उठले आणि कपाट उघडले.

ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कानाचे. २००९ साली जपानी संशोधकांनी टोकियोतल्या वृद्धांच्या एका रुग्णालयातील सत्तर वर्षांच्या बाईंच्या कानातल्या स्रावात एक यीस्ट सापडल्याचे प्रसिद्ध केले. यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी, पाव फुगवणाऱ्या किण्वाच्या जातीची. आधी माहीत असलेल्या कोणत्याही कॅन्डिडाशी ते जुळत नव्हते, म्हणून कानावरून त्याला नवे नाव मिळाले. कानात सापडलेली एक निरुपद्रवीशी वाटणारी गोष्ट. दोन वर्षांनी कोरियातल्या डॉक्टरांनी रक्तात हेच यीस्ट सापडलेल्या तीन रुग्णांची माहिती दिली. त्यांतला एक नमुना १९९६ सालचा होता. कित्येक वर्षे तो खऱ्या ओळखीशिवाय पडून होता.

आणि मग दिल्ली. २०१३ साली दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या अनुराधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. दिल्लीतल्या दोन रुग्णालयांत २००९ ते २०११ या काळात बारा रुग्णांत कॅन्डिडा ऑरिस सापडले होते. बाराही रुग्णांतले यीस्ट जनुकीयदृष्ट्या एकच होते आणि जपान-कोरियातल्या यीस्टपेक्षा वेगळे. फ्लुकोनॅझोलला ते दाद देत नव्हते. नेहमीच्या स्वयंचलित यंत्राने त्याला हिम्युलोनी म्हटले होते. खरी ओळख डीएनए वाचल्यावर पटली.

अण्णा त्या बारांपैकी होते असे मी म्हणत नाही. ते ज्या रुग्णालयात होते त्याचे नाव मी इथे लिहिणार नाही, आणि तो निबंध ज्या रुग्णालयांबद्दल आहे त्यांत ते आहे की नाही, हे शोधण्याचा प्रयत्नही मी केलेला नाही. शहर तेच, वर्षे तीच, यंत्राने दिलेले नाव तेच आणि ‘आर’ हे अक्षर तेच, इतके मात्र माझ्या हातातल्या कागदावर आहे.

अण्णांचे आयुष्य बुरशीबरोबर गेले, म्हणून हे सगळे मला जास्तच लागले असावे. १९५६ पासून निवृत्तीपर्यंत ते पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ मध्ये उभा केलेला हा कारखाना. आम्ही एचए कॉलनीतच वाढलो. अण्णा किण्वन विभागात होते. पेनिसिलिन ही बुरशीची देणगी. ती बुरशी मोठाल्या टाक्यांमध्ये वाढवायची, तिला साखर आणि हवा पुरवायची, तापमान सांभाळायचे आणि टाकीत दुसरा कुठलाही जंतू शिरू द्यायचा नाही, हे त्यांचे काम. रात्रपाळीहून आले की सांगायचे, ‘‘आज एक टाकी बिघडली.’’ म्हणजे परका जंतू शिरला होता आणि सगळा माल ओतून द्यावा लागला होता. जेवायच्या आधी कोपरापर्यंत हात धुण्याची सक्ती आम्हाला त्यांच्यामुळेच होती.

त्याच कारखान्याच्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार होते, वनस्पतींवरच्या बुरशींचे मोठे अभ्यासक. १९६१ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एका नव्या बुरशीनाशक प्रतिजैविकाचा शोध जाहीर केला. ते ज्या जीवाणूपासून मिळाले त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. औषधाचे नाव हॅमायसिन, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या आद्याक्षरांवरून. तोंडात येणाऱ्या पांढऱ्या बुरशीवर ते लावायला देत, आणि ती पांढरी बुरशी म्हणजे कॅन्डिडाच. आमच्या गावाचे नाव लॅटिनमध्ये गेले, याचे अण्णांना केवढे कौतुक होते! स्वतः त्या शोधात काहीही नसताना पाहुण्यांना ते ही गोष्ट हटकून सांगत.

जिवाणूंवर इतकी औषधे आणि बुरशीवर इतकी थोडी का, याचे कारणही मला पहिल्यांदा त्यांनीच सांगितले होते, त्यांच्या पद्धतीने: ‘‘जिवाणू परका असतो गं, बुरशी आपल्या भावकीतली.’’ ते शास्त्रालाही धरून आहे. सजीवांच्या वंशवृक्षात बुरशी जिवाणूंपेक्षा प्राण्यांच्या कितीतरी जवळ आहे. तिची पेशी आपल्या पेशीसारखीच चालते. तिला मारायला जावे तर आपल्यालाही लागते. म्हणून औषध शोधणाऱ्यांना दोन्हींतला बारीकसा फरक हुडकावा लागतो. आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते, बुरशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल. बहुतेक बुरशीनाशके एवढ्या फरकावर उभी आहेत.

ती आली कुठून, हा इतिहासही मातीचाच आहे. १९५० साली अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोन शास्त्रज्ञ बायकांनी नायस्टॅटिन शोधले. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी आल्बनीत. मातीचे नमुने आणि त्यांतले अर्क त्या एकमेकींना टपालाने पाठवत. ज्या मातीत ते सापडले ती व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्या शेतावरची होती. मग पन्नाशीच्याच दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या भागातल्या मातीतून अँफोटेरिसिन बी मिळाले. शिरेतून देता येणारे आणि जीव वाचवणारे हे औषध, पण थंडी-ताप आणणारे आणि मूत्रपिंडाला जड जाणारे. त्यानंतर अ‍ॅझोल गटाची औषधे आली. त्यांतले फ्लुकोनॅझोल १९९० च्या सुमारास बाजारात आले, गोळीतून देता येणारे, सोसणारे आणि पुढे स्वस्त झालेले. २००१ मध्ये कॅस्पोफंजिनने इकायनोकँडिन हा तिसरा गट सुरू केला. अंगभर पसरलेल्या कॅन्डिडाविरुद्ध डॉक्टरांच्या हातात मुख्यतः हे तीनच गट. भारतातल्या २००९ ते २०१७ मधल्या ऑरिसच्या ३५० नमुन्यांच्या अभ्यासात नव्वद टक्के नमुने फ्लुकोनॅझोलला दाद देत नव्हते. म्हणजे तीनांपैकी सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त वापरला जाणारा दरवाजा बंदच.

अण्णा शहात्तर वर्षांचे होते. आई गेल्यावर ते माझ्याकडे दिल्लीला राहायला आले होते. डिसेंबरात एका रात्री पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या. आतड्याला पीळ पडला होता. तातडीने ऑपरेशन झाले, आतड्याचा एक तुकडा काढावा लागला. ऑपरेशन नीट झाले, असे डॉक्टर म्हणाले, आणि ते खरेच होते. मग अतिदक्षता विभाग. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी, तीवाटे औषधे आणि अन्न. नाकातून नळी, लघवीची नळी, काही दिवस व्हेंटिलेटर. न्यूमोनियाची शंका आली म्हणून एकामागून एक प्रतिजैविके, आणि बुरशी होऊ नये म्हणून चौथ्या दिवसापासून फ्लुकोनॅझोल. हे सगळे बिलांवरून तारीखवार कळते.

पुढे कॅन्डिडा ऑरिसबद्दल वाचताना, ते कोणाला होते याची यादी पाहिली, तेव्हा मला अण्णांचा केसपेपर वाचल्यासारखे झाले. अतिदक्षता विभागात लांबलेला मुक्काम. मोठ्या शिरेतली नळी. पोटाचे ऑपरेशन. भारी प्रतिजैविके. आधी दिलेले फ्लुकोनॅझोल. यांतली एकही गोष्ट निष्काळजीपणाची नाही. प्रत्येकीने त्यांना काही दिवस दिले. प्रतिजैविकांनी आतड्यातले नेहमीचे जिवाणू कमी केले आणि यीस्टला जागा मोकळी झाली. फ्लुकोनॅझोलने साधे कॅन्डिडा मारले आणि जे मरत नव्हते त्याला रान मोकळे मिळाले. नळीने त्वचेतून रक्तापर्यंत वाट करून दिली. पन्नास वर्षांपूर्वी अशा रोग्याला वाचवणेच अवघड होते, म्हणून या बुरशीला असा रोगी मिळतच नव्हता. ज्या औषधोपचाराने माणसे या टप्प्यापर्यंत जगू लागली, त्याच औषधोपचाराने तिला हे घर बांधून दिले.

हे घर शब्दशः घर आहे. कॅन्डिडाच्या इतर जाती बहुतेक वेळा रोग्याच्या स्वतःच्या आतड्यातून रक्तात येतात. ऑरिस मात्र एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते. ती कातडीवर राहते, महिनोन्‌महिने, काही त्रास न देता. पलंगाच्या कठड्यावर, खुर्चीवर, खिडकीच्या कट्ट्यावर दिवसच्या दिवस जिवंत राहते. रुग्णालयांत नेहमी वापरली जाणारी काही जंतुनाशके तिच्यावर नीट चालत नाहीत, क्लोरीनची लागतात. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या एका मज्जाविकार अतिदक्षता विभागात २०१५ ते २०१७ या काळात सत्तर रुग्णांत ती सापडली. ती पसरते कशातून हे लवकर कळेना. शेवटी धागा सापडला तो काखेत ठेवायच्या, पुन्हापुन्हा वापरल्या जाणाऱ्या तापमापक कांडीत. त्या कांड्या काढून टाकल्यावर नवे रुग्ण कमी झाले. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झाले.

हा भाग मी जेव्हा पहिल्यांदा वाचला, तेव्हा वाचन तिथेच थांबवले होते. आम्हाला दिवसातून दोनदा दहा मिनिटे आत सोडत. मी अण्णांच्या पलंगाचा कठडा दोन्ही हातांनी धरून उभी राहायचे. कपाळावर हात फिरवायचे. शेजारच्या पलंगावर एक वयस्कर बाई होत्या. त्यांना भेटायला आलेले मी कधी कोणाला पाहिले नाही. एकदा त्यांचे पांघरूण घसरले होते आणि सिस्टर दुसरीकडे गुंतल्या होत्या. मी गेले, पांघरूण खांद्यापर्यंत ओढून दिले, त्यांचा हात थंड लागला म्हणून तो थोडा वेळ हातात धरला. मध्ये हात धुतले नव्हते. कोपरापर्यंत हात धुवायला शिकवलेल्या माणसाची मुलगी मी. पण ते शिक्षण जेवणाच्या ताटाशी जोडलेले होते, मायेने पुढे केलेल्या हाताशी ते जोडायचे असते हे सुचले नाही.

माझ्यामुळे काही झाले का, हे कधीही कळणार नाही. अण्णांच्या अंगावर तेव्हा ती बुरशी होती की नाही, हेसुद्धा ठाऊक नाही. प्लेगच्या काळातल्या कागदपत्रांत मी अशा माणसांबद्दल वाचले आहे, आजाऱ्याची शुश्रूषा केल्यामुळे आजार घरोघर नेणाऱ्यांबद्दल. त्यांच्याविषयी मी वर्गात जरा तटस्थपणे बोलत असे. आता तितके तटस्थ बोलता येत नाही.

मग ही बुरशी आली कुठून? इतिहासाच्या दृष्टीने हा सगळ्यांत विलक्षण भाग आहे. पाकिस्तान, भारत, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला इथल्या रुग्णांकडून मिळालेल्या यीस्टचे संपूर्ण जनुकीय वाचन करून, जपानमधल्या यीस्टशी ताडून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अपेक्षा अशी की एक ठिकाणचा रोगी विमानाने दुसरीकडे गेला असेल आणि साखळी सापडेल. तसे झाले नाही. चार भूभागांत चार वेगवेगळ्या शाखा निघाल्या. एका शाखेतले नमुने आपसांत जवळपास सारखे, पण दोन शाखांमध्ये हजारो फरक. म्हणजे एकमेकांपासून दूर, जवळपास एकाच काळात, चार ठिकाणी ती स्वतंत्रपणे माणसापर्यंत पोचली होती. पुढे आणखी शाखा सापडल्या.

मग माझ्यासारखीला साहजिक शंका येते. ती आधीपासूनच असेल, फक्त तिला कोणी ओळखले नसेल. संशोधकांनीही हाच प्रश्न विचारला आणि इतिहासकार जसा दप्तर उपसतो तसे त्यांनी साठवणीतले नमुने उपसले. २००४ ते २०१५ या काळात जगभरातून गोळा केलेले १५ हजारांहून अधिक कॅन्डिडाचे नमुने पुन्हा तपासले. त्यांत चुकीच्या नावाने पडून असलेले ऑरिस फक्त चार निघाले आणि त्यांतला सगळ्यांत जुना २००९ चा. म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या. नाव चुकत होते, हे खरे. पण ती खरोखरच नव्यानेही आली होती. त्या वाढत्या लाटेच्या अगदी सुरुवातीला, जिला अजून दिल्लीत नाव नव्हते, अशा हिवाळ्यात अण्णा आजारी पडले.

एकाच काळात चार ठिकाणी काय बदलले असेल? २०१९ मध्ये अर्तुरो कासादेव्हाल आणि सहकाऱ्यांनी एक तर्क मांडला. आपल्या शरीराची ऊब ही बुरशीविरुद्धची आपली मोठी ढाल आहे, कारण बहुतेक बुरशींना इतकी उष्णता सोसत नाही. पृथ्वी तापत गेली तशा काही बुरशी हळूहळू जास्त उष्णतेला सरावल्या असतील, आणि ऑरिस हे त्याचे पहिले उदाहरण असेल. ऑरिस ४२ अंशांतही वाढते आणि मीठही सोसते. हा तर्क सिद्ध झालेला नाही. पण २०२१ मध्ये अनुराधा चौधरी यांच्याच गटाला ती रुग्णालयाबाहेर निसर्गात पहिल्यांदा सापडली, अंदमानच्या खाऱ्या दलदलीत आणि वाळूच्या किनाऱ्यावर. दलदलीतला एक नमुना औषधांना दाद देणारा होता आणि उष्णतेत इतरांपेक्षा सावकाश वाढत होता. कदाचित रुग्णालयात शिरण्यापूर्वीची ती अशी असेल.

दुसरा धागा शेतातून जातो. अ‍ॅझोल फक्त रोग्याला देत नाहीत, पिकावरही फवारतात. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला भुरी ठाऊक असते आणि भुरीवरच्या फवारणीत ट्रायझोल गटातली बुरशीनाशके असतात, ती फ्लुकोनॅझोलच्या कुळातली. अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या एका बुरशीच्या बाबतीत शेतातून दवाखान्यापर्यंतची ही वाट बरीच स्पष्ट झाली आहे. आधी नेदरलँड्समध्ये आणि २०१२ मध्ये भारतातही, रोग्याच्या फुप्फुसात आणि बाहेरच्या मातीत, औषधाला दाद न देणारे तेच जनुकीय बदल सापडले. ऑरिसच्या बाबतीत इतका पुरावा अजून नाही. पण उत्तर भारतातल्या एका अभ्यासात साठवणीतल्या सफरचंदांच्या सालीवर ती आढळली. बागेतून नुकत्याच तोडलेल्या सफरचंदांवर आढळली नाही. हे वाचताना मला पिंपरी आठवली. हॅमायसिननंतर तिथेच ऑरिओफंजिन शोधले गेले, पिकांवरच्या बुरशीसाठी. एकाच कारखान्यात माणसाचे औषध आणि झाडाचे औषध. कॉलनीतल्या आम्हा मुलांना त्याचा अभिमान वाटायचा. त्या काळात त्यात काळजी करण्यासारखे काही आहे असे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते, आणि ऑरिओफंजिन अ‍ॅझोलच्या कुळातलेही नाही. पण शेत आणि दवाखाना यांच्यामध्ये भिंत नाही ही गोष्ट त्या कारखान्याच्या आवारात उभे राहिले असते तर दिसली असती.

राहिला प्रश्न नाव सांगण्याचा. अण्णा अतिदक्षता विभागात होते त्याच जानेवारीत दिल्लीच्या वर्तमानपत्रांत दुसऱ्याच एका नावाचा वाद होता. जिवाणूंना औषधांपासून वाचवणाऱ्या एका जनुकाच्या नावात ‘न्यू डेल्ही’ घातले गेले होते. देशाची बदनामी झाली म्हणून केवढा गदारोळ उडाला होता. लॅन्सेट या नियतकालिकाच्या संपादकांनी त्या नावाबद्दल दिलगिरी व्यक्त केल्याची बातमी मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून वाचली. बरे झाले, असे मला तेव्हा वाटले. शहराचे नाव रोगाला देऊ नये हे मला आजही पटते. ऑरिसच्या चार शाखांनी तर एकाच शहराला दोष देण्याची सोयच ठेवलेली नाही. पण त्या वादात दिल्लीच्या नावाची जितकी चर्चा झाली तितकी दिल्लीतल्या रोग्यांची झाली नाही, हेही आता कळते. बदनामीची भीती मांडवीत १८९६ मध्ये होती, ती २०११ मध्येही होती. जगभरातली रुग्णालये अशा साथींबद्दल मोघम बोलतात, त्याचे कारण तेच.

मोजणी ज्यांनी केली त्यांच्यामुळे पुढच्यांना काहीतरी मिळाले. चंडीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने देशातल्या २७ अतिदक्षता विभागांतल्या २०११-१२ मधल्या रक्तातल्या कॅन्डिडाचा अभ्यास झाला. १४०० रुग्णांपैकी ७४ जणांत ऑरिस निघाली, आणि ती २७ पैकी १९ विभागांत होती. म्हणजे अण्णा गेले त्याच वर्षी ती देशभर पोचलेली होती. २०२० मध्ये दिल्लीतल्या एका कोविड अतिदक्षता विभागात एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत पंधरा रुग्णांच्या रक्तात कॅन्डिडा सापडले. त्यांतल्या दहांत ते ऑरिस होते आणि दहांपैकी सहा दगावले. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घातक बुरशींची पहिली यादी काढली, तिच्या सर्वोच्च गटातल्या चार नावांत ऑरिस आहे. पिंपरीत हॅमायसिन सापडले त्याला तेव्हा एकसष्ट वर्षे झाली होती.

गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या ओळखीने मी एका सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंना भेटले आणि चौथा रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. यंत्राचा प्रकार, तारीख आणि औषधांपुढची अक्षरे पाहिली. मी विचारले, ‘‘ती प्लेट कुठे असेल?’’ त्या म्हणाल्या, ‘‘रिपोर्ट गेल्यावर आठवड्याभरात वाफेच्या भट्टीत गेली असणार. त्या वेळी सांभाळून ठेवावं असं त्यात काही वाटलं नसेल.’’ मग थोडे थांबून म्हणाल्या, ‘‘मी आज हा रिपोर्ट पाहिला असता तर पहिला संशय ऑरिसचाच घेतला असता. पण लिहून देऊ शकत नाही.’’ मी म्हटले, माझ्या विषयातही असेच चालते.

खरे नाव तेव्हा कळले असते तर अण्णा वाचले असते का? रिपोर्ट हातात आल्यावर डॉक्टरांनी त्याच दिवशी औषध बदलले होते, अँफोटेरिसिन सुरू केले होते. चार दिवस पुरले नाहीत. बरोबर नावाने त्यांचा जीव वाचला असता असे मला वाटत नाही. पण त्या नावामुळे कठड्यांवर क्लोरीन फिरले असते, पलंग वेगळा झाला असता, दारावर पाटी लागली असती आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला, मलासुद्धा, कोणीतरी हात धुवायला लावले असते. नावाचा उपयोग शेजारच्या पलंगाला होता.

दिवाळीत दादा आला तेव्हा त्याने पुन्हा फाइलचा विषय काढला. या वेळी मी त्याला सगळे सांगितले, पांघरुणाचेसुद्धा. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘अण्णा असते तर म्हणाले असते, टाकी बिघडली, आता पुढची सांभाळा.’’ फाइल टाकून दे असे तो म्हणाला नाही. मी चौथ्या रिपोर्टाला एक चिठ्ठी जोडली आहे. तिच्यावर लिहिले आहे: ‘हे नाव यंत्राने दिलेले. बहुधा कॅन्डिडा ऑरिस. खात्री करण्यास नमुना उपलब्ध नाही.’ खाली तारीख आणि माझी सही. आणि त्याखाली आणखी एक ओळ: ‘शेजारच्या पलंगावर एक बाई होत्या. त्यांचे नाव विचारायचे राहिले.’